फळ्यावरचा टॉवेल

शालन बनसोडे गप्प बसणाऱ्यातली नाही, हे सोलापूरच्या सगळ्या भवानी पेठेला ठाऊक आहे. नळाला पाणी आलं नाही, तर ती घागर घेऊनच पालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन उभी राहते. कॉलेजात मात्र अकरा वर्षं तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं, कारण नोकरी तासिकेवरची. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा, मुलाखत द्यायची आणि मग शिकवायला उभं राहायचं. अकरा वर्षं तिथंच शिकवणाऱ्या बाईला बाराव्या वर्षी "आपला अनुभव काय?" असं विचारताना माणसांना लाज कशी वाटत नाही, कोण जाणे.

तिचा विषय राज्यशास्त्र, आणि त्यात जीव की प्राण असलेला पेपर म्हणजे 'आंतरराष्ट्रीय संबंधांची ओळख'. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तो आपणहून निवडायचा असतो. यंदा प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सातच नावं आलीत. शनिवारपर्यंत वीस झाली नाहीत, तर पेपर बंद. आपल्या पोरांना सोलापूरच्या बाहेरचं काही माहीत नसतं, त्यांना परराष्ट्र धोरण काय करायचंय? त्या तासाला आपण मुलाखतीची तयारी घेऊ."

पेपर बंद म्हणजे शालनचं कामही बंद. पण तिला झोंबलं ते 'आपल्या पोरांना' हे. त्या पोरांतलीच एक होती ना ती! तिनं सरळ सांगितलं, "सर, शुक्रवारी मला सगळ्या दुसऱ्या वर्षाचा एक तास द्या. आणि तुम्हीही या."

त्या संध्याकाळी ती घरी टिपणं काढून मोठ्यानं वाचत बसली. राज्य म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय, सत्तासंतुलनाच्या चार व्याख्या. तिची आई गोजाबाई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. या बाईनं तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवल्या. घडी घालतानासुद्धा तिचा अंगठा शिवण चाचपत जातो.

"हे पोरांस्नी सांगणार हायेस व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"पळून जातील की गं."

शालन चिडली, पण आई खोटं बोलत नव्हती. मागच्या वर्षी तिनं पहिल्याच तासाला व्याख्या लिहून दिल्या होत्या आणि अर्धा वर्ग मागच्या दारानं पसार झाला होता. चूक तिचीच होती.

"जा, तोंड धू आदी," म्हणत आईनं तिच्या अंगावर टॉवेल टाकला.

टॉवेल पांढराशुभ्र, आणि त्याच्या काठात एका परदेशी हॉटेलाचं नाव आणि गाव विणलेलं. बाहेरच्या देशाची ऑर्डर मोडली, की असा माल कामगारांच्या घरी स्वस्तात येतो. पेठेतल्या निम्म्या दोऱ्यांवर कुठल्या ना कुठल्या परक्या हॉटेलाचं नाव वाळत असतं आणि ते कुणी वाचत नाही. गोजाबाईला तर कितीतरी वर्षं ते मालकाचंच नाव वाटायचं. नाव वेगळं आलं, की मालक बदलला असेल म्हणायची आणि कडा शिवायला बसायची. शालननं तोंड पुसलं आणि हातातल्या टॉवेलकडे बघत राहिली. मग तिनं टिपणं मिटून ठेवली.

शुक्रवारी वर्ग गच्च भरला होता, कारण येणं सक्तीचं होतं. प्राचार्य शेवटच्या बाकावर बसले. शालननं फळ्याच्या दोन खिळ्यांना टॉवेल अडकवला. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"हसा. पण असा टॉवेल कुणाकुणाच्या घरी आहे?"

आधी तीन हात वर झाले, मग दहा, मग मोजता येईनात. कुणाच्या टॉवेलवर कुठलं गाव आहे, ते ती विचारत गेली. बऱ्याच जणांना सांगता आलं नाही. ज्यांना आलं, त्यांची गावं ती फळ्यावर खडूनं जगाचा ढोबळ नकाशा काढून त्यात मांडत गेली.

"माल तिथं जायचा होता. मग तो तुमच्या दोरीवर का?"

यंत्रमागवाल्याचा मुलगा दीपक उठला. "मॅडम, समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले. जहाजं लांबच्या वाटेनं गेली, माल वेळेत पोचंना. ऑर्डर गेली. वडील दोन महिने घरीच होते."

"आमची ऑर्डर माल घेणाऱ्या देशानं कर वाढवला म्हणून गेली," कीर्ती बसल्या जागेवरून म्हणाली.

शालननं फळ्यावर समुद्र काढला, त्यातली चिंचोळी वाट काढली. ती वाट कोण अडवतं, कोण राखतं, कर कोण लावतं आणि त्याला नाही म्हणायची ताकद कुणात असते, हे ती पोरांकडूनच काढून घेत गेली. व्याख्या अगदी शेवटी आली आणि ती पोरांनीच केली.

"ज्यानं तुमच्या बापाला दोन महिने घरी बसवलं, ते तुम्हाला शिकायची गरज नाही म्हणे! का नाही? कापूस आपला, माग आपला, बसून राहणारा माणूस आपला, आणि कारण तेवढं दुसऱ्यांनी समजून घ्यायचं?" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

प्राचार्य मागून म्हणाले, "पण मॅडम, हे शिकून नोकरी कुठली लागणार?"

"सर, बापाची का गेली, ते तरी आधी कळू द्या की!"

पोरांनी बाक बडवले. नावांचा कागद फिरला आणि चौतीस सह्या घेऊन परत आला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला.

"ठीक आहे, चालू ठेवू. तेवढा टॉवेल काढा मात्र. कॉलेजात बरं दिसत नाही."

"नाही काढणार, सर," शालन म्हणाली. "वर्षभर लागणार आहे तो."

संध्याकाळी गोजाबाईनं दोरी बघितली. "माझा टॉवेल कुटं हाय?"

शालननं सगळं सांगितलं. जहाजं, कर, चौतीस पोरं आणि ते नाव मालकाचं नाही, हेही. म्हातारीचा अंगठा हातातल्या कपड्याच्या शिवणीवर थांबला.

"म्हंजी मी शिवलेल्या टॉवेलानं तितली मान्सं त्वांड पुसत्यात."

"हो."

"आन् त्यांच्या कालिजात शिकवत्यात का, ह्या कडा कोन शिवतं ते?"

"नाही, आई."

"मग आडाणी मी एकलीच न्हाय की गं," गोजाबाई म्हणाली आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.