अळणी भाजी आणि ताकदीचं चूर्ण

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, भीती वाटते ती नंतर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. आमच्या ठाण्यात एक शिपाई होता. कामाला चोख, पण अंगानं इतका काटकुळा की कमरेच्या पट्ट्याला त्यानं जास्तीची भोकं पाडून घेतली होती. "वारं सुटलंय, खिशात दोन दगड ठिवून बंदोबस्ताला जा," असं जमादार त्याला रोज सुनवायचे. बिचारा हसायचा, पण ते त्याच्या मनाला लागत असणार.

हा गडी काही महिन्यांत एकदम भरला. गाल वर आले, चेहरा गरगरीत झाला. गुपित फार दिवस राहिलं नाही. आठवडी बाजारात एक बुवा ताकदीचं चूर्ण विकायला बसायचा, त्याचा हा प्रताप. मग काय, अर्धं ठाणं बुवाचं गिऱ्हाईक झालं. जमादारांचे गुडघे धरायचे, तेही जिना टणाटण चढू लागले. माझं पोट आधीच वर्दीबाहेर डोकावत होतं, म्हणून मी वाचलो.

पुढे लागोपाठ दोन बाजार बुवा फिरकलाच नाही. शिपाई आजारपणाच्या रजेवर गेला. एका सकाळी ठाणे अंमलदार हजेरी घेत असतानाच त्याची बायको धावत आली.

"साहेब, ह्यांना उठून बसता यीना. पानी पेलं तरी उलटून पडून राह्यलंय. काल मोरीत चक्कर येऊन पडले. जल्दी काहीतरी करा!"

जीप काढली आणि त्याला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. रक्तदाब पार खाली गेलेला, कारण सापडेना. कोणतं औषध चालू आहे, असं त्यांनी विचारलं.

"औषध बिलकुल न्हाई," बाई म्हणाली. "निस्तं चूर्ण घ्यायचे. ते बी बंद पडलं, म्हून तर हे झालं! चूर्ण व्हतं तवर कसे घोड्यावानी फिरत व्हते."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "त्या चूर्णात काय आहे ते मला आज कळायला हवं. मी अंदाजानं उपचार करतोय. चुकलो तर माणूस हातचा जाईल."

ठाण्यातल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे उरलेली पुडी पंचनामा करून मी सील केली खरी, पण तपासणीचा अहवाल यायला आठवडे लागणार होते. आता बुवालाच बोलतं करणं भाग होतं.

खबर दिली ती बाजारातल्या एका बांगड्यावाल्यानं. लग्नसराईत चार गावं फिरणारा माणूस. "बुवा मंठ्याला मेव्हणीच्या लग्नात पंगतीत बुंदी वाढून राह्यलाय," असं त्यानं सांगितलं. जीप पाठवून दुपारपर्यंत बुवाला ठाण्यात आणलं. पाहतो तर काय, बुवा स्वतः चिपाडासारखा!

"एवढी ताकद विकतोस, मग स्वतः का खात नाहीस?" मी विचारलं.

"हलवायाला मिठाई गोड लागती का साहेब?" त्यानं ताडकन उत्तर दिलं.

गडी पक्का होता. अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी असा पाढा त्यानं घडाघडा म्हटला. दम दिला तरी तोच पाढा. त्यात आमचे जमादार त्याला बसायला खुर्ची देऊन हळूच विचारतात, "बुवा, माझी पुडी आनली का?" बाहेर गर्दी जमलेली. "बुवाला सोडा, आमचे गुडघे परत धरून राह्यले!" असा ओरडा चाललेला. आरोपीच्या बाजूनं फिर्यादीच मोर्चा आणतात, हे मी उभ्या नोकरीत तेवढंच पाहिलं.

माझ्या डोळ्यांपुढून मात्र जालन्याची ती खाट हलत नव्हती. जेवायची वेळ टळून गेली, तेव्हा जमादारांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक घास घेतला आणि थांबलो. भाजी ठार अळणी.

"वहिनी मीठ घालायला विसरल्या का?"

"पथ्य हाय साहेब. बुवानं मीठ बंद केलंय. एकदम कडक."

बाहेरच्या चौघांना विचारलं, तर सगळ्यांचं पथ्य तेच. आपल्याकडे पथ्य सांगितल्याशिवाय औषधावर कुणाचा विश्वास बसत नाही. वैद्य वांगं बंद करतात, चिंच बंद करतात, तेलकट बंद करतात. पण कुठल्या चूर्णावर मीठच बंद केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी जालन्याला फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करायला लावतात अशा गोळ्या आहेत. दम्याला, सांधेदुखीला देतात. त्यांनी भूक वाढते, चेहरा सुजतो, लोकांना वाटतं अंग धरलं. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो. तेच असेल तर याला वाचवता येईल. विचारा त्याला!"

फोन ठेवून मी आवाज न चढवता बुवाला विचारलं, "का रे, मीठ खाल्लं तर काय होतं?"

"पाय सुजत्यात ना साहेब."

"तुला कुणी शिकवलं?"

"आमचे डॉक्टरसाहेब गोळ्या देताना बराबर सांगायचे..." आणि त्यानं जीभ चावली.

"तुझं गिऱ्हाईक मरायला टेकलंय," मी म्हणालो. "तो वाचला तर तुझ्यावर एक गुन्हा, मेला तर दुसरा. कुठला हवा ते तूच ठरव."

बुवा घळाघळा रडायला लागला. पूर्वी तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. गोळ्या कुटून हरभऱ्याच्या पिठात आणि अश्वगंधेत मिसळायचा. "कुनाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं साहेब. लोक खूश झाल्ते, म्या बी खूश झाल्तो." गोळीचं नाव त्यानं सांगितलं, ते मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं, आणि इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी शिपायानं बायकोकडे भाकर मागितली. ती माउली हसत हसत रडत होती. माझेही डोळे भरून आले, लपवून काय करू?

बाकीचे शिपायापेक्षा कमी दिवस चूर्ण घेत होते, पण त्यांनीही ते एकदम सोडायचं नाही, दवाखान्यात येऊन गोळी हळूहळू कमी करायची, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही दवंडी पिटवली. एक माणूस येईल तर शपथ! पोलिसांनी बुवाकडून खोटं वदवून घेतलं, असंच लोक म्हणत होते. शेवटी रांगेत सगळ्यात पुढे जमादार जाऊन उभे राहिले. चेहरा पडलेला, हात जोडलेले. ते पाहून मग गाव हललं.

औषध निरीक्षकांनी बुवाच्या घरून पोतंभर माल जप्त केला. भेसळ, फसवणूक, जिवाला धोका होईल अशी इजा, अशी कलमं लागत होती. पण फिर्याद द्यायला कोणी तयार होईना. "आमचं काय बिघडलं?" हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. पोलीसच फसला म्हणून लोक हसतील, जरा सबुरीनं घ्या, असं वरूनही सुचवण्यात आलं. शिपाई म्हणाला, "हसू द्या. फिर्याद माझी लिहा."

अंबडच्या कोर्टात बुवाच्या वकिलांनी शिपायाला घेरलं. "वजन वाढवायला औषध घेतलंत. वजन वाढलं की नाही? मग फसवणूक कसली?"

एव्हाना पुन्हा काटकुळा झालेला शिपाई साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाला, "वजन वाढलं व्हतं साहेब. पर माझ्या लेकीला कडंवर घ्यायला मला उठता येत नव्हतं. ते वजन मंग माझ्या काय कामाचं?"

वकील खाली बसले. बुवाला शिक्षा झाली. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाही लावता आला असता, पण बुवाजवळ द्यायला होतं काय? आज ग्राहकांसाठी वेगळं न्यायालय आहे, तेव्हा ते नव्हतं. वाचकांना माझं एवढंच सांगणं, की असं काही झालं तर उरलेली पुडी, डबा, पावती फेकू नका आणि डॉक्टरांपासून 'निस्तं चूर्ण'सुद्धा लपवू नका. त्या बाईनं ते सांगितलं म्हणूनच तिचं कुंकू शाबूत राहिलं.

मी मात्र एक गोष्ट कायमची शिकलो. ज्याचं डोकं फुटतं तो आपल्या पायानं ठाण्यात येतो. ज्याला खोट्या औषधाचा गुण आलाय, त्याला आपण फसलोय हेच ठाऊक नसतं; त्याच्या दारी आपल्यालाच जावं लागतं.