नकाशावरचे आतोबा

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या जन्मात स्वतःच्या डोक्यानं एकही गोष्ट केली नाही, आणि हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. देवासच्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, तरी स्वतःला ते नकला उतरवणारा माणूस म्हणवतात. निवृत्तीनंतर मोबाईल हाती आला आणि ते अख्ख्या गल्लीचे विद्यार्थी झाले. दूधवाला स्टेटसवर 'आज दूध लेट आएगा' असं टाकतो हे पाहून दुसऱ्याच दिवशी त्यांचं स्टेटस झळकलं, 'आज दाढी केलेली नाही, कुणी भेटायला येऊ नये.' साड्या विकणारी एक बाई लाइव्ह येऊन पदर उलगडून दाखवी. तिचं बघून त्यांनी धारला आमच्याकडच्या लग्नाला येण्याआधी आपले तिन्ही कोट तसेच फिरवून फिरवून दाखवले आणि आमची मतं मागवली. तिन्ही कोट तपकिरी होते.

पण त्यांचा खरा गुरू शेजारचा बस ड्रायव्हर. पीथमपूरच्या कारखान्यात पाळीची माणसं नेताना तो ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकी, म्हणजे कुणाला उन्हात ताटकळावं लागू नये. "भिया, पूछो मत, देख लो," एवढंच त्याचं म्हणणं. आतोबांनी ते लगेच उचललं. भाजीला निघाले की आत्याच्या फोनवर लोकेशन. नकाशावरचा त्यांचा ठिपका जिलबीच्या दुकानापाशी रेंगाळला की आत्या फोन करून मधुमेहाची आठवण देई.

मग आत्याचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचं, मग नातवंडांची नावं, आणि शेवटी समोर बसलेले आतोबाही. आमचे हे कुठं गेलेत, असं ती त्यांनाच विचारी. त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं, लग्नाचा फोटो दाखवला. ती परक्या पुरुषासमोर बसावं तशी पदर सावरून बसे. ओळख उरली होती ती फक्त फोनमधल्या त्या ठिपक्याची. म्हणून आतोबा दिवसातून चारदा चपला घालून बाहेर पडत आणि चौकापर्यंत जाऊन परत येत. तेवढा वेळ आत्या फोन हातात धरून सुनेला सांगत राही, आता देवळापाशी आले, आता गल्लीत वळले. चेहरा नुसता उजळलेला. आणि आतोबा दारात आले की म्हणे, "बसा. हे येतीलच एवढ्यात." ते पाहुण्यासारखे बसत.

एकदा मीही त्यांच्याबरोबर चौकापर्यंत गेलो. ऊन रणरणत होतं. कशाला एवढे हेलपाटे घालता, असं मी विचारलं. ते थांबले, रुमालानं मान पुसली.

"ती वाट बघते ना रे माझी," ते म्हणाले. "मग कुणीतरी यायला नको?"

गेल्या थंडीत आत्या गेली. तेरावं झाल्यावर मी धारला परत निघालो, तेव्हा पोचल्यावर फोन करतो म्हणालो. आतोबांनी मान हलवली.

"फोन नको. रस्ताभर दिसत राहा."

इंदूरला बस चहासाठी थांबली. दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला, 'थांबलास का?' मी घाईघाईनं लिहिलं, 'नाही, निघालोच.' बस अजून उभीच होती, आणि ते त्यांना दिसत होतं.