सात नंबरच्या प्रेसचा मासा

ज्या घराचा उंबरा अंड्यानेसुद्धा कधी ओलांडला नसेल, त्या घरातला हा माणूस रोज सकाळी मासा काढायचा. काढायचा म्हणजे कागदावर. पॅकिंगचा खाकी कागद अंथरायचा, मधोमध एक आडवी रेघ, उजव्या टोकाला तोंड, आणि रेघेला वर-खाली तिरपे काटे. तोंडात तक्रार लिहायची आणि काट्यांवर तिची कारणं: माणूस, मशीन, माल, पद्धत. त्या काट्यांना आणखी बारीक काटे. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना काय म्हणत असतील ते असो, भोसरीच्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटीचे साहेब होते आणि त्यांचं नाव 'मासेवाले' होतं. तोंडावर 'साहेब', पाठ वळली की मासेवाले. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या हो," म्हणायचे, "निदान ओळखतात तरी. प्लँट साहेबांचं डिपार्टमेंट कोणतं, ते अजून कुणाला कळलेलं नाही." प्लँट साहेब म्हणजे सगळ्या कारखान्याचे प्रमुख.

बाजार नुकता खुला झाला होता. आमच्या कारखान्याला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि एका रात्रीत सगळ्यांना क्वालिटीचा पुळका आला. मी डिप्लोमा करून बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने यायची, क्वालिटीत ट्रेनी होते, आणि खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट धड येत होती. माझं अक्षर चांगलं होतं. त्यामुळे मासेवाल्यांच्या खाकी कागदांच्या फेअर कॉप्या करायचं काम माझ्याकडे आलं. ते मला 'अक्षरवाल्या बाई' म्हणत. कौतुक होतं की टोमणा, हे पुण्याच्या माणसाच्या बाबतीत विचारायचं नसतं. खाकी कागद कपाटात जायचा, फेअर कॉपी फाइलला लागायची, आणि कारखान्यात जे काही व्हायचं ते फेअर कॉपीवरून व्हायचं.

दहाच्या चहाला मासेवाले शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालायची त्या शेडमध्ये, जाऊन रिकाम्या पेटीवर बसत. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, आणि भोवती ग्रीसने माखलेले ऑपरेटर. सगळ्यांना अहो-जाहो. मग सुरू व्हायचं, "का?" एकदा पत्र्याला छिद्रं सरकून पडत होती. ऑपरेटर म्हणाला, नीट दिसलं नाही. का दिसलं नाही? वरचा दिवा गेलाय. का बदलला नाही? शिडी स्टोअरमध्ये कुलपात आहे. का? किल्लीवाला दहाला येतो आणि पहिली पाळी सातला सुरू होते. छिद्र सरकलं होतं ते किल्लीमुळे! आम्ही पोट धरून हसलो. मासेवाले हसले नाहीत. किल्लीची दुसरी कॉपी काढून आणली आणि छिद्रं जागेवर आली.

काट्यावर माणसाचं नाव लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक. "नाव आलं की सगळ्यांचं डोकं बंद पडतं. मग नुसतं बघत बसतात, याचं आता काय करणार म्हणून." आता मी हिंजवडीला सॉफ्टवेअरवाल्यांकडे क्वालिटीच बघते. तिथल्या फॉर्ममध्ये 'ह्यूमन एरर' असा तयार रकाना आहे. टिक केली की सुटलो. "मॅम, क्लोज करून टाकू ना," पोरं म्हणतात. माझ्या अंगावर काटा येतो, आणि का येतो ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

मासेवाल्यांना मोठ्या तक्रारींपेक्षा बारक्या गोष्टींची धास्ती वाटायची. तुटलेला बोल्ट, काळं पडलेलं नख, मशीनवरचा न ओळखता येणारा ओरखडा. "मशीन आधी चाखतं," असं म्हणायचे, आणि हे म्हणताना आवाज एकदम खाली यायचा. सात नंबरच्या, पत्रा ठोकायच्या प्रेसजवळून जाताना ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालत. पहिल्यांदा मला वाटलं ऐट आहे. मग लक्षात आलं, बाकी कुठल्याही मशीनजवळ ते असं करत नाहीत.

सात नंबरवर देविदास होता. यवतमाळकडचा, विश्रांतवाडीला एका खोलीत बायकोबरोबर राहायचा, तोंडाने कमी आणि हाताने झपाट्याचा. एके दिवशी त्याचा हातमोजा फाटला. फक्त हातमोजा हो, बोटाला खरचटलंसुद्धा नाही. देविदासने तो कचऱ्यात टाकला, मासेवाल्यांनी उचलून आणला आणि माशाच्या तोंडात लिहिलं, 'सात नंबरवर हातमोजा फाटला.' प्लँट साहेबांना कळल्यावर ते केबिनमध्ये म्हणाले, "आता रुमाल हरवला तरी मासा काढा."

पण त्या दिवशी पेटीवर बसून मासेवाल्यांनी देविदासला सोडलं नाही. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे ठोकळा येताना हात आत असणं शक्यच नव्हतं. देविदासने एक बटण तारेने करकचून बांधून ठेवलं होतं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं.

"का बांधलंत, देविदासराव?"

देविदासने आधी हातातला पत्रा खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, दोन्ही हात गुतवले तं टारगेट कसं होईन?"

मासेवाल्यांनी घड्याळ काढलं. तार सोडायला लावली आणि देविदासला दोन्ही हातांनी काम करायला सांगून अर्धा तास उभे राहिले. परदेशी गिऱ्हाइकासाठी जे टारगेट ठरवलं होतं ते दोन हातांनी होतच नव्हतं. कुणालाच झालं नसतं. त्यांनी शेवटचा काटा काढला, त्यावर लिहिलं, 'टारगेट नियमाप्रमाणे काम करून पूर्ण होत नाही,' आणि त्याला लाल गोल केला. "हे आधी," मला म्हणाले, "बाकीचं मागून. पुढच्या वेळी हातमोजा रिकामा नसेल."

मी फेअर कॉपी करायला बसले तेव्हा प्लँट साहेब माझ्या टेबलाशी आले. गिऱ्हाइकाचे लोक परवा ऑडिटला यायचे होते. त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं. "हा नको. बाकी छान आहे. माणसाच्या काट्यावर लिहा, कामगारांना प्रशिक्षण द्यावे." मी पेन खाली ठेवलं. ते अगदी मायेने म्हणाले, "तुमचं कन्फर्मेशनचं पत्र माझ्याच टेबलावर येणार आहे ना?"

मी तो काटा गाळला. सुबक अक्षरात 'कामगारांना प्रशिक्षण द्यावे' लिहिलं. ऑडिटच्या आदल्या दिवशी मासेवाल्यांसमोर सह्यांचा ढीग होता. माझं अक्षर दिसलं की ते वाचत नसत, सरळ सही करत. तशीच केली. ऑडिट पास झालं, पेढे वाटले. मी खाल्ला. शॉपमध्ये 'सुरक्षितता सर्वांत आधी' असा फलक लागला, देविदासला एका तासाचं प्रशिक्षण मिळालं, आणि तार पुन्हा बटणाला बांधली गेली; मासेवाले दिसले की तेवढ्यापुरती सुटायची. मासेवाले टारगेट कमी व्हायची वाट बघत होते. "कार्यवाही चालू आहे," असं त्यांना सांगितलं जायचं, आणि सांगणाऱ्यांत मी होते.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. सात नंबरचा ठोका माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. मी लिहिता लिहिता थांबायची. पुढचा ठोका पडला की पुन्हा लिहू लागायची. उठून चार पावलं जाऊन सांगायला काय झालं होतं? साहेब, फेअर कॉपीत तो काटा नाहीये. एवढं एकच वाक्य. रोज ठरवायची उद्या सांगू.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी ठोका पडला आणि त्याच्यापुढचा पडलाच नाही.

देविदासच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आठ दिवसांत त्याच्या नावे मेमो निघाला, सुरक्षा यंत्रणेत फेरफार केल्याबद्दल. आता नोकरीही जाणार, हे उघड होतं. मासेवाल्यांनी सगळ्यांना शॉपमध्ये बोलावलं, प्लँट साहेबांनाही, आणि कागद अंथरला. हात का आत गेला? बटण बांधलेलं होतं. का? टारगेट. टारगेट का बदललं नाही? त्यांनी फाइलमधून फेअर कॉपी काढली, कपाटातून खाकी कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

"या कागदावर काटा आहे. या कागदावर नाही. का?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांकडे बघत होते. पुन्हा विचारलं, "का?" प्लँट साहेब घड्याळ बघत होते. मी माझ्या चपलांकडे बघत होते. मग मासेवाल्यांनी स्वतःच पेन उघडलं आणि काट्यावर लिहिलं, 'सही करणाऱ्याने मूळ कागद पाहिला नाही.' दंडक मोडून पुढे स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली, कागद प्लँट साहेबांच्या हातात दिला. "झालं? आता त्या पोराचा मेमो परत घ्या."

मेमो परत घेतला गेला. महिनाअखेरीला मासेवाले नोकरीतून गेले. निरोप समारंभ झाला नाही.

माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं त्या रविवारी मी कोथरूडला त्यांच्या घरी गेले. रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला.

"मला अंदाज होता," म्हणाले.

"मग तेव्हा मला का नाही विचारलंत?"

"अहो, विचारलं की. सगळ्यांसमोर दोनदा विचारलं." मग म्हणाले, "देविदासरावांना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय काम काढलंत? विश्रांतवाडीला बस बदलावी लागते. आत्ता निघालात तर त्यांच्या जेवणाआधी पोचाल."

ते वारल्याचं पुढे काही वर्षांनी कळलं. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं हेच. त्यांनी मला माफ केलं नाही, आणि त्यांनी ते करायला नकोच होतं असं मला आज वाटतं.

मी गेले विश्रांतवाडीला. देविदास पलंगावर बसला होता, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून. बायको चहा टाकायला उठली. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. तो ओरडेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. त्याने दोन्हींतलं काही केलं नाही.

"काहून गाळला, ताई?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"थे तं सांगतीनच. तुमी काहून ऐकलं?"

"नोकरी पक्की व्हायची होती."

"असं होईन, हे तुमाले माईत होतं?"

"होतं."

"माईत होतं, तं काहून नाही बोलल्या?"

मी कारणं शोधायला लागले. घर, वडिलांचं आजारपण, भीती. एकही पुरेना. चहा उकळत होता.

"कारण त्या मशीनमध्ये माझा हात जाणार नव्हता," मी म्हणाले.

देविदासने मान डोलावली. पुढचं 'काहून' त्याने विचारलं नाही.