विचारून केलेला स्वयंपाक

माझी बायको माघात गेली. सकाळी तिने चहा केला, कप विसळले, आणि दुपारी ती नव्हती.

पुढच्या महिन्यांबद्दल मी फार लिहीत नाही. सौंसरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पांढुर्ण्याहून रोज बसने जायचो आणि बसमध्ये वाचायचो. निवृत्त झाल्यावर घरी बसून वाचायचं ठरवलं होतं, आणि तसं वाचतही होतो. पण आमच्या घरी माणसं यायची ती तिच्यासाठी. पुस्तकातून मान वर करून ‘या’ म्हणायचं, एवढंच माझ्याकडे काम होतं. आता ती नाही, तर ही माणसं येत राहतील का? उन्हाळाभर मला हाच प्रश्न होता. कोणाजवळ बोललो नाही.

उत्तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. त्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. या काठावरून आमचे पांढुर्ण्याचे आणि त्या काठावरून सावरगावचे एकमेकांवर दगड फेकतात. आमची गल्ली थेट नदीकडे उतरते. त्यामुळे सौंसर-रामाकोन्याकडून जे नातलग गोटमार बघायला येतात ते आमच्याकडे जेवतात. बायकोचं माहेर सावरगावचं. तिचा भाऊ दिवसभर त्या काठावर असायचा आणि संध्याकाळी पूल ओलांडून आमच्या पाटावर यायचा. तुमच्या गावच्या हातात आता दम राहिला नाही, असं मला ऐकवायचा. त्यावर ती वाढता वाढता म्हणायची, “दम पाहाले आला का जेवाले?”

किती जण येतील ते कधीच ठाऊक नसायचं. अंदाज तरी सांग, असं मी दरवर्षी विचारायचो. तिचं उत्तर ठरलेलं होतं. “माणसं का पुस्तकं हायेत, नंबर टाकून ठेवाले?” मग माणसं येतील तशी ती पाटोडीची भाजी करत जायची. बेसन शिजवून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या, तिखट रश्श्यात सोडायच्या. माणसं वाढली की आणखी एक ताट थापायचं आणि रश्श्यात गरम पाणी ओतायचं. मला ते सगळं ऐनवेळचं, देवाच्या भरवशावरचं वाटायचं.

ती गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला मी ठरवलं की नीट तयारी करायची. आठवडाभर आधी सगळ्यांना फोन केले. चांगल्या शब्दांत विचारलं, येणार आहात ना, किती जण आहात, म्हणजे त्या हिशेबाने स्वयंपाक करता येईल. फोन करताना मला बरंही वाटत होतं. वाचक येण्याआधीच त्याचं पुस्तक काढून टेबलावर ठेवावं, तसं.

एकेक जण नाही म्हणत गेला. एकाच्या कपाशीवर फवारणी राहिली होती. रामाकोन्याच्या चुलत मेहुण्याच्या बागेत संत्र्याची फळगळ सुरू होती. कोणाचा गुडघा दुखत होता. सगळे मायेने बोलले, तब्येतीला जपा म्हणाले. मी फोन ठेवला आणि समजलो की संपलं. एकट्यापुरतं सामान आणलं.

पोळ्याच्या दिवशी सावरगावच्या मेहुण्याच्या बायकोने, वहिनींनी, पुरणपोळी खायला बोलावलं. पोळी लाटता लाटता त्यांनी विचारलं, उद्यासाठी बेसन किती आणलं? कोणी येत नाही, सगळ्यांना विचारून झालं, असं मी सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं.

“येता का म्हून पाहुण्याले कोणी इचारते का भाऊजी? इचारलं म्हंजे नका येऊ म्हटलं.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी जन्मभर रामाकोन्याला जेवत आलो, तिथे मला कधी कोणी विचारलं नाही. मीही कधी कळवून गेलो नाही. पण पाहुण्यांचं सगळं तीच बघायची, म्हणून ही रीत मला कधी स्वतः पाळावीच लागली नव्हती.

“मले बी तुमचा फोन आला, तं मी बी नाही म्हटलं,” वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा लाटायला लागल्या.

मग आता काय करायचं, असं मी विचारलं. विचारलेलं का परत घेता येते, असं त्या म्हणाल्या. पुन्हा फोन करून ‘या’ म्हणालो असतो, तर माणसं आली असती, पण माझी दया येऊन आली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी काही रांधलं नाही. नदीकडून गलका ऐकू येत होता. घरात बसवेना म्हणून गल्लीच्या टोकाला गेलो. समोरच्या गच्चीवर रामाकोन्याचा तो चुलत मेहुणा उभा होता, बायकोसकट. फळगळीतून वेळ काढून आला होता. त्याने मला पाहिलं आणि फार लक्ष देऊन नदी बघायला लागला.

मी सहसा वाक्य मनात जुळवल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी जुळवायला काही नव्हतं. मी खालूनच म्हणालो, “चला, रस्सा थंडा होऊन राहिला.”

आम्ही तर हॉटेलात खाणार होतो, तुम्हाला कशाला त्रास, असं तो बोलत राहिला, पण बोलता बोलता जिना उतरत होता. मागून त्याची बायको आली, आणि तिच्यामागून गच्चीवरची आणखी दोघं, ज्यांना मी ओळखतही नव्हतो.

घरी आल्यावर त्याची बायको थेट स्वयंपाकघरात गेली. शेगडी रिकामी होती. ती दारात आली.

“भाऊजी, रस्सा कोणत्या गंजात हाये?”

“होऊन राहिला,” मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग पदर खोचून उठली. बेसन पुरेना, दुकानं बंद होती, म्हणून शेजारून आणलं. कांदे मी चिरले. मसाला विकतचा, पाकिटातला. ताईच्या हातची चव नाही आली, असं मेहुणा पहिल्या घासाला म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा वाढून घेतलं.

संध्याकाळी पुलापलीकडचा मेहुणा आला, कपाळावर पट्टी लावून, आणि मागोमाग वहिनी. तुम्ही तर येणार नव्हता, असं मी त्यांना म्हणालो.

“आज तुमी इचारलं नाही न,” त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन बसल्या.

सगळे गेल्यावर भांडी घासताना चवीचं बोलणं मनात घोळत होतं. ती वैशाखात मिरच्या वाळवायची, मसाला कुटून भरून ठेवायची, चणाडाळ दळून आणायची, शेंगदाणे भाजून डब्यात ठेवायची. पाऊस लागायच्या आत तिचं अर्धं काम झालेलं असायचं. मी मात्र फक्त पोळ्यानंतरची दुपार बघत होतो आणि तिला तयारी आवडत नाही असं समजत होतो. तिची तयारी माझ्याहून मोठी होती. फक्त त्यात कोणाचं नाव घातलेलं नसायचं. हे तिला एकदा म्हणायला हवं होतं. ती हसली असती आणि कामाला लागली असती.

त्यालाही आता काही वर्षं झाली. वैशाखात मी अंगणात मिरच्या घालतो आणि शेजारी पुस्तक घेऊन बसतो. कुटायला वहिनी येतात. मिरची किती भाजायची यावर आमचं दरवर्षी वाजतं, आणि दरवर्षी त्यांचंच खरं होतं. पोळ्याच्या आधी मी कोणाला फोन करत नाही.

आता घरात मी एकटा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला येतात.