मेसेज कोण पाठवतं

पन्नाशी अगदी दाराशी आलेली असताना मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, ते काही हौसेने नाही. डोंबिवलीतल्या ज्या वाचनालयात मी मुलं लहान असताना लागले आणि तिथेच राहिले, तिथल्या कार्यकारिणीने ठरवलं की आता सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. सचिव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही हो. पण पदवी लागते आता. नाहीतर आम्हाला शिकलेलं माणूस घ्यावं लागेल."

म्हणजे मी न शिकलेलं माणूस. मी मान डोलावली, शेजारच्या कोपरला घरी आले आणि भाकऱ्या केल्या. मी मुळात कमी बोलते. त्याच महिन्यात ठाण्याच्या एका अभ्यासकेंद्रात ग्रंथालयशास्त्राच्या रविवारच्या वर्गाला नाव घातलं.

वर्गात सगळी माझ्या मुलांच्या वयाची. घोडबंदर रोडच्या टॉवरांतली दोन-तीन पोरं दर रविवारी उशिरा यायची आणि दारातूनच "ट्रॅफिक, मॅम" म्हणायची. मला ती काकू म्हणत. कॉम्प्युटरच्या पहिल्या तासाला शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, राइट क्लिक करा. उजवं बटण. जेवायचा हात."

"मी डावरी आहे गं," मी म्हटलं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण जवळ-लांबच्या दुहेरी भिंगांच्या चष्म्यामुळे स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागायची आणि दुपारपर्यंत मान अशी अवघडायची की परतताना कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागे. आठवडाभर काउंटर, रविवारी वर्ग, आणि उरलेल्या वेळात घर. त्या दोन वर्षांत मी कधी नीट झोपले असेन असं मला आठवत नाही.

तरीही त्यात एक गोडी लागली, तेही सांगायला हवं. रजिस्टरमध्ये माझा नऊ आणि एक सारखाच दिसायचा, त्यावरून किती वर्षं बोलणी खाल्ली. इथे बारकोडवर यंत्र धरलं, बीप झालं, की पुस्तक ज्याच्या नावावर पडायचं त्याच्याच नावावर पडे. माझ्या हातून चूक होत नाही, ही भावना मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. ती मला फार आवडली.

दर बुधवारी आमच्याकडे एक सभासद यायची. तिशीतली, घाईत असलेली. कार्ड सासऱ्यांच्या नावावर. सासूबाईंना रहस्यकथा, सासऱ्यांना मासिक, आणि एखादं स्वतःसाठी. एकदा आरोग्याच्या कपाटाशी बराच वेळ पाठमोरी उभी राहिली आणि मग एक पुस्तक छातीशी उलटं धरून काउंटरवर आली. मनाचा गंभीर आजार झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळावं, यावरचं पुस्तक होतं ते. नाव इतकं सरळ की दुसरा अर्थच निघू नये.

"ताई, याला कव्हर घालून मिळेल?"

आमची सगळीच पुस्तकं खाकी कागदात असायची, या एकाचा कागद फाटला होता. मी नवा घातला. घालेपर्यंत ती बोलली. काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं. तिचं माहेर कल्याणजवळ मोहन्याला. वडील तिथल्या कंपनीत होते, ती बंद पडली, मग ते गेले. धाकटा भाऊ कॉलेजात असताना आजारी पडला तो पडलाच. लग्न ठरवताना तो बाहेरगावी नोकरीला असतो असं सांगितलेलं. आईला एकटीला जमत नाही म्हणून ही बुधवारी जाते, गोळ्या बघते, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे नेते. सासरी सांगते, आईचे गुडघे.

"घरी कळलं तर?" मी विचारलं.

"माझं सोडा हो. दोन दिवस आदळआपट होईल. पण मग ते माझ्या मुलीकडे बघायला लागतील. रक्तात आहे म्हणतील." तिची मुलगी तेव्हा पहिलीत होती.

नंतर तिने त्याच विषयावरची आणखी दोन नेली. तिच्या माहेराबाहेर हे ठाऊक असलेली बहुधा मी एकटीच. मी कुणालाही सांगितलं नाही. न बोलणं मला सोपंच जातं.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयात वाचकांसाठी एक नवी सोय सुरू करून दाखवायची होती. मी मेसेजची घेतली. पुस्तक दिलं की सभासदाच्या मोबाइलवर पुस्तकाचं नाव आणि परत करायची तारीख. सचिव खूश. त्यासाठी सगळ्या सभासदांचे नंबर मी जुन्या अर्जांवरून स्वतः टाइप केले. कुटुंबाचं कार्ड घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर, आणि नंबरही त्याचाच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या सासऱ्यांचा नंबरही मीच टाइप केला. बोटं थांबली नाहीत. मेसेजमध्ये पुस्तकाचं नाव न घालता नुसतं 'एक पुस्तक' असंही पाठवता येत होतं, त्यासाठी एक छोटी चौकट होती. आमच्या सरांनी वर्गात ती दाखवलीही होती. वाचक काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे, असं काहीतरी ते म्हणाले होते. पण नावासकट मेसेज छान दिसत होता.

बुधवारी संध्याकाळी तिने पुन्हा तेच पुस्तक नेलं. गुरुवारी सकाळी माझी सोय तपासायला ठाण्याहून मार्गदर्शक मॅडम आल्या. त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, सचिव पाठीशी उभे होते. मॅडमनी नुकतंच विचारलं होतं, "डेटा कोणी भरला? चुका निघाल्या का?" आणि मी मोठ्या ऐटीत नाही म्हटलं होतं. तेवढ्यात तिचे सासरे आले. बँकेतून निवृत्त झालेले, शांत, कधी एक दिवस उशीर न करणारे. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"ताई, हा मेसेज आला काल. हे आमच्याकडचं दिसत नाही. चुकून आला असेल, नाही का?"

ते जायलाच निघाले होते. एक पाय दाराकडे वळलेला. मला नुसतं म्हणायचं होतं, "असेल काका, नवीन आहे ना." वाक्य त्यांनीच तयार करून माझ्या हातात दिलं होतं.

मी म्हटलं, "नाही काका, सिस्टिममध्ये अशी चूक होत नाही. तुमच्याच कार्डावर आहे." आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. आधीचीही सगळी नोंद वर आली, एकाखाली एक. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"सूनबाई येतात ना इथे?"

"हो. दर बुधवारी."

हेही मीच म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि गेले. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड. जुनी नोंदसुद्धा लगेच निघते." सचिवांनी मान हलवली. मी पुढचा भाग दाखवायला घेतला.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी आली. चेहरा धुतल्यासारखा कोरा. पुस्तकं काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "ताई, हे मेसेज कोण पाठवतं?"

"सिस्टिम पाठवते. आपोआप जातात."

"आपोआप."

"हो गं. आपल्या हातात काही नसतं त्यात."

ती काहीच न घेता निघून गेली. नंतर ती आली नाही.

परीक्षेत वाचकाच्या खासगीपणावर प्रश्न आला. मी पानभर लिहिलं, मुद्देसूद. निकाल चांगला लागला. वाचनालयाने गुलाबाचं फूल आणि नारळ दिला, आणि सचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "आता ताई शिकलेल्या झाल्या!" टाळ्या पडल्या. मेसेजमधलं पुस्तकाचं नाव मी त्याआधीच गुपचूप काढून टाकलं होतं. मेसेज फार लांब होतो, असं कारण दिलं.

पुस्तकं न्यायला आता सासरे स्वतः येऊ लागले. एकदा गर्दी नसलेली बघून म्हणाले, "ताई, उपकार झाले तुमचे. तुमच्यामुळे वेळेवर कळलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे मुलांमध्ये येतं का हो? त्यावर काही आहे तुमच्याकडे?"

माझ्या हातांना सवय लागलेली. विषय टाकला, कपाट क्रमांक आला. सुनेने दोनदा नेलेलं तेच पुस्तक. मी ते काढून दिलं, बीप झालं, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. "बघा, किती तत्पर," ते कौतुकाने म्हणाले.

त्या आठवड्यात मला जेवण जाईना. घरी विचारलं तर पित्त म्हटलं. शेवटी एका बुधवारी अर्धी रजा टाकली, कल्याणला गेले आणि शेअर रिक्षाने मोहन्याला उतरले. तिचं घर मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मी विचारणार तरी काय? त्या घराची मला ठाऊक असलेली एकच खूण होती, आणि ती तोंडातून काढायची नव्हती. म्हणून रिक्षास्टँडजवळ भाजीवालीच्या शेजारी उभी राहिले. "काय घेणार, मावशी? की नुसतीच सावली?" ती म्हणाली. मी मेथी घेतली.

बऱ्याच वेळाने काकांची सून रिक्षातून उतरली. हातात डबा.

"ताई? तुम्ही इथे कशा?"

मी तिथेच, मेथीची जुडी हातात धरून, सगळं सांगितलं. मेसेज मी सुरू केले. नाव घालू नये हे शिकवलेलं असून मी घातलं. काकांनी चुकून का म्हणून विचारलं, आणि बाजूला मॅडम तपासायला बसल्या होत्या म्हणून मी नाही म्हटलं. स्क्रीन मी फिरवली. बुधवारचंही मीच सांगितलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "माहीत आहे. सासऱ्यांनी त्याच दिवशी सांगितलं घरी. वाचनालयातल्या ताईंनी स्वतः दाखवलं म्हणाले."

"मग मला विचारलंस ते..."

"तुम्ही काय सांगता बघायचं होतं."

मेथीची जुडी मी पिशवीत कोंबली.

"परवा पोरगी शाळेत कुणाला तरी चावली," ती म्हणाली. "लहान पोरं चावतात हो. पण घरात दोन दिवस कुणी जोरात बोललं नाही. सासूबाई ती झोपल्यावरसुद्धा तिच्याकडे बघत बसतात."

"मी येऊन बोलू का काकांशी?"

"काय बोलणार? मशीन चुकलं म्हणून?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. मग डबा दुसऱ्या हातात घेतला. "एक करा. बाबांनी पुस्तक नेलंय ना तुमच्याकडून? मुलांमध्ये येतं का, तेवढंच आधी वाचून काढलंय त्यांनी. घाबरून बसलेत. पुढे सगळं आहे, औषधांचं, नीट राहणाऱ्या माणसांचं. ते वाचलेलं नाही. मुदत संपली की घेऊन येतील, एक दिवस जास्त ठेवायचे नाहीत. त्यांना ते परत करू देऊ नका."

"बरं," मी म्हटलं. ती गल्लीत वळली. घरी चला म्हणाली नाही, आणि म्हणावं असं काही मी केलेलंही नव्हतं.

मुदतीच्या दिवशी काका आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं, खाकी कागदाचे कोपरे नीट दाबलेले.

"काका, याची मुदत मी वाढवली आहे," मी म्हटलं.

"मी तर काही सांगितलं नव्हतं."

"सूनबाईंनी सांगितलं. मी भेटले त्यांना." मग एकदा बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. "आणि त्या दिवशी तुम्हाला स्क्रीन दाखवायला नको होती. तुम्ही चुकून आला का विचारलंत, तेव्हा हो म्हणायला हवं होतं मी."

"म्हणजे खोटं बोलला असतात?"

"हो."

"मग आम्हाला कळलंच नसतं."

"तिने सांगितलं असतं. तिला जमेल तेव्हा." मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. "पुढचं वाचा, काका. नुसतं मुलांचं पान वाचून ठेवू नका."

रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. म्हातारे मात्र दिसले, एकदम. पुस्तक उचलून त्यांनी पिशवीत टाकलं आणि निरोप न घेता गेले. वाचतील की तसंच ठेवून पुढच्या तारखेला परत आणतील, मला कळायला मार्ग नाही.

त्यांच्या मागे दोघंजण उभे होते. मी त्यांची पुस्तकं घ्यायला हात पुढे केला.