उसातून टॉवरपर्यंत

माझी सासुरवाडी उंब्रजची. तिथला ऊस इतका उंच, की घारीसुद्धा वळसा घालून जातात! तिथं असतानाच लेकीच्या नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीला अर्धा तास उरला आणि जेसीबीनं फायबरची केबल तोडली. मोबाइलला रेंज नव्हतीच. छपरावर बिनतारी इंटरनेटची जुनी डिश होती, पण तिला समोर टॉवर दिसायला हवा, तर मध्ये ऊस.

बांधावर उसाची मालकीण उभी होती, अगदी अनोळखी. तिला हे सांगताच तिनं पदर खोचून कोयता उचलला.

"मावशी, उभा ऊस आहे!"

"ऊस पुन्यांदा फुटंल. पोरीला म्हणावं, दमानं बोल."

वादळासारखी तिनं टॉवरच्या दिशेनं वाट पाडली. मुलाखत संपेस्तोवर कडेचा पाला हातांनी मागं रेटून उभी राहिली.

मग कपाळ पुसत विचारलं, "लागली न्हवं?"

"कळवतो म्हणालेत."

"कळवत्यात कसलं! आमच्या उसातनं बोललीया पोरगी. लागणारच!"