अरुंधती दिसेना

वैशाखातल्या त्या संध्याकाळी बाबा गच्चीवर उभे होते. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सप्तर्षी मला त्यांनीच दाखवले. आज मात्र ते डोळे बारीक करून विचारत होते, "वसिष्ठाजवळची अरुंधती कुठे गेली गं?"

ती तिथेच होती, वसिष्ठाला खेटून, फिकटशी. अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, असं लहानपणी ऐकलं होतं.

"ढग आला असेल," मी म्हणाले. आभाळ स्वच्छ होतं.

एवढ्या मंद ताऱ्यांना बहुधा नुसता क्रमांक मिळतो. याद्यांमध्ये असे असंख्य आहेत. ते दिसले नाहीत म्हणून कुणाचं काळीज धडधडत नाही. हिला मात्र आपण नाव दिलं, संसार दिला, आणि त्या नावाबरोबर ही भीतीही सांभाळत आलो.

"मोतीबिंदू असेल, बाबा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"तुलाही ते आठवलं ना?" बाबा हसले. "वर्गात मी ते हसण्यावारी न्यायचो."

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा घामाने भिजला होता.